सिंहांना कोणी उठवत नाही

आई, मी दिवसभर झोपलेले सिंह बघते आणि त्याचा मला पगार मिळतो. तू असतीस तर आधी पोट धरून हसली असतीस आणि मग काळजीने विचारलं असतंस, की अशा नोकरीला पेन्शन वगैरे असते का. असते. इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये प्राण्यांवर फिल्म करणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत, त्यातल्या एका लहानशा कंपनीत मी आहे. आफ्रिकेत कॅमेरावाले महिनोन्‌महिने उन्हात बसून जे शूट करतात ते सगळं आधी माझ्याकडे येतं. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं आणि कुठे काय घडतंय ते टिपून ठेवायचं, म्हणजे एडिटरला नुसतं कामाचं तेवढं बघता येतं. सिंहांच्या बाबतीत टिपण्यासारखं फार नसतं. झोपलेत. अजून झोपलेत. एकीने कूस बदलली. झोपलेत. घरून काम करायची मुभा आहे, तेव्हा बहुतेक दिवस मी जेवणाच्या टेबलावरच स्क्रीन मांडून बसलेली असते.

शिकार, डरकाळी, दोन नरांची मारामारी, असलं लोकांना जे बघायचं असतं ते फार थोडा वेळ चालतं. जंगलातला सिंह दिवसाचे अठरा-वीस तास नुसता पडून असतो. सगळा वेळ गाढ झोपेत असतो असं नाही. डुलकी लागते, मग डोकं वर येतं, एक नजर इकडे तिकडे, की परत डोकं खाली. सावली सरकली की तोही सरकतो, पण उठून चालत नाही, लोळतच जातो. पोट भरलेलं असलं तर उताणा, चारी पाय वर, पोट उघडं टाकून. त्या अवस्थेत त्याला बघितलं की जंगलाचा राजा वगैरे काही म्हणवत नाही, लग्नात जेवून सतरंजीवर आडवा झालेला मामा वाटतो. आणि ते एकेकटे झोपत नाहीत. सिंहिणी एकमेकींना अगदी खेटून पडतात, हिचं डोकं तिच्या पाठीवर, तिचा पंजा हिच्या तोंडावर. एवढ्या जणांत कोणाचं ना कोणाचं डोकं अधूनमधून वर होतंच, म्हणून बाकीच्यांना बिनघोर झोपता येतं. कळपातून हाकललेला एक म्हातारा नर मी गेल्या वर्षी बरेच दिवस बघत होते. त्याला झोपायचंही एकट्याने आणि जागायचंही एकट्याने. त्याची झोप इतकी पातळ की शेजारून एखादा पक्षी उडाला तरी डोळे उघडायचा. शेवटच्या फितीत तो दिसलाच नाही, आणि कॅमेरावाल्याने त्याबद्दल काही लिहिलं नव्हतं.

हे सगळं तुला आजच का सांगतेय, तर गेल्या शुक्रवारी बाबांनी मला विचारलं की तू कशी गेलीस. तीस वर्षांच्या वर झाली, इतक्या वर्षांत आपल्या घरात हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नव्हता. ठरलेलं उत्तर होतं, ते सगळ्यांना पाठ होतं आणि त्यावर आमचं दोघांचं चाललं होतं. शुक्रवारी मी दुसरं उत्तर दिलं. ते सांगायलाच बसलेय, पण एकदम तिथे जायचा धीर होत नाही.

बाबा आता माझ्याकडे असतात. पुढच्या खोलीतला सोफा काढून तिथे त्यांच्यासाठी पलंग टाकलाय. हृदय थकलंय. पाय सुजतात, चार पावलं चालले तरी धाप लागते, आणि डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलंय की हा हिवाळा निघाला तर निघाला. सकाळी एक केअरर येते, त्यांना धुऊनपुसून कपडे बदलते, आणि त्यानंतर ते झोपतात. जेवायला उठतात, परत झोपतात. ज्या माणसाने जन्मात कधी दुपारी अंग टेकलं नाही तो माणूस आता दिवसभर तोंड उघडं टाकून झोपलेला, आणि मी कामातून उठून दाराशी जाऊन पांघरूण खालीवर होतंय का ते बघून येते. एवढं सगळं सुटलं तरी एक गोष्ट त्यांनी सोडली नव्हती. रोज जेवण झालं की बजावायचे, "बाहेर अंधारायला लागलं की उठव हं मला. तिन्हीसांजेचं झोपू नये."

आणि मी उठवायचे. डिसेंबरात, दुपारी चार वाजता.

लेस्टरच्या आपल्या घरात तू कायमची रात्रपाळी मागून घेतली होतीस. बाकीच्या नर्सेस रात्रपाळी टाळायला कारणं शोधायच्या आणि तू हौसेने घेतलीस, कारण मग मी शाळेत जाताना आणि शाळेतून येताना घरात आई असणार होती. बाबांची होजिअरीच्या कारखान्यातली पाळी पहाटेची, म्हणून ते गेल्यापासून तू येईपर्यंत मी शेजारच्या गुजराती मासींकडे. तू वॉर्डातून यायचीस, कोट न काढताच माझ्या वेण्या घालायचीस, मला शाळेत सोडायचीस, मग स्वयंपाक, आंघोळ, पूजा, आणि हे सगळं आवरून पडायला तुला अकरा वाजायचे. झोप कुठे बसवायची याचा विचार तू सगळ्यात शेवटी केला होतास. तरी उन्हाळ्यात ते बसायचं. उन्हाळ्यात इथे साडेनऊपर्यंत उजेड, तू पाच-साडेपाचपर्यंत ताणून द्यायचीस आणि उठल्यावर गाणी म्हणत कांदा चिरायचीस. माझ्या आठवणीत दोन आया आहेत, एक उन्हाळ्यातली आणि एक हिवाळ्यातली. उन्हाळ्यातली आई माझ्याबरोबर मागच्या अंगणात दोरीच्या उड्या मारायची. हिवाळ्यातली आई दूध उतू जात असताना त्याच्यासमोर उभी राहून ते बघत राहायची.

कारण हिवाळ्यात इथे दुपारी चारच्या आतच सूर्य जातो. बाबा तोवर कामावरून आलेले असायचे, मला शाळेतून आणलेलं असायचं. बाहेर जरा करडं झालं की ते जिन्याखाली उभे राहायचे. "अगं, उठतेस ना? दिवे लागायची वेळ झाली." आवाजात राग नसायचा, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. तू वरून "हो" म्हणायचीस, पण तो हो झोपेतलाच. मग ते वर जायचे, जिन्यावरचा दिवा लावायचे, पडदा सरकवायचे आणि तू बसलेली दिसेपर्यंत तिथेच उभे राहायचे. तू खाली यायचीस, गालावर उशीचे वळ, देवापुढे दिवा लावायचीस आणि हात जोडून उभ्या उभ्या डुलायचीस. एकदा काडी जळत जळत तुझ्या बोटापर्यंत आली तरी तुला कळलं नाही. मी फुंकर मारून विझवली, तर तू दचकून मलाच ओरडलीस की देवापुढे फुंकर मारतात का. दिवा लावून झाल्यावर परत जाऊन पडणं शक्यच नव्हतं. एकदा उठलेल्या बाईला घर परत झोपू देत नाही. भाजी, पोळ्या, माझा अभ्यास, आणि आठ वाजता डबा घेऊन तू परत वॉर्डात.

ही तिन्हीसांज आपण नागपूरहून सामानाबरोबर बांधून आणली होती. तिकडे ती साडेसहाला वगैरे होते, माणसं कामावरून घरी आलेली असतात, तेव्हा झोपलेलं असं कोणी नसतंच. तो नियम तिकडे कोणाला जड जात नाही. इथे त्याच नियमाने भर दुपारी तुझी झोप मोडली, रोज, हिवाळेच्या हिवाळे, आणि आपल्या घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही की सूर्य इथे भलत्याच वेळी जातो, तर दिवाही थोडा उशिरा लावू. तुझ्याही नाही. मला बाबांपेक्षा कधी कधी तुझाच जास्त राग येतो. वॉर्डात तू भल्याभल्या डॉक्टरांना खडसावायचीस असं मासी सांगायच्या. घरात तुला एवढं म्हणता आलं नाही की अहो, मला अजून दोन तास झोपू द्या. मी एकदा म्हटलं होतं. "बाबा, आईला झोपू द्या ना," एवढंच. तू जिना उतरत होतीस, खालच्या पायरीवर थांबून मला म्हणालीस, "बाबांना शिकवायचं नाही." तुझे डोळे लाल होते. 

सफारी पार्कचा दिवस तुला आठवतो का? ऑक्टोबरातला रविवार होता. बाबांना कारखान्यातून स्वस्तात तिकिटं मिळाली होती आणि तू शनिवारची रात्रपाळी करून तशीच गाडीत बसली होतीस. काचा वर, दारं लॉक, गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी चाललेली, आणि सिंह सगळे एका झाडाखाली गाढ. शेपटीसुद्धा हलत नव्हती. मी रडकुंडीला आले. बाबा वैतागले. "हे काय? दिवसाढवळ्या झोपलेत? पैसे कशाचे घेतले मग?" तू पुढच्या सीटवर डोळे मिटून म्हणालीस, "झोपू द्या हो त्यांना. रात्रपाळी असेल." आम्ही तिघंही हसलो. मग बाबांनी हॉर्न वाजवला. एक नाही, दोनतीनदा. सिंह ढिम्म, पण तिथे हॉर्नचा अर्थ गाडीतली माणसं संकटात आहेत असा असतो, त्यामुळे पट्ट्यापट्ट्यांची जीप धुरळा उडवत आली आणि त्यातल्या माणसाने बाबांना सगळ्यांदेखत सुनावलं. बाबा सॉरी सॉरी म्हणत राहिले आणि त्यांचे कान लाल झाले. परत येताना तू झोपलीस. मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं. बाबांनी रेडिओ बंद केला, हीटर तुझ्याकडे वळवला, मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं. मला फार बरं वाटलं होतं. आणि मग बाहेर अंधारायला लागलं तसे ते तुझ्याकडे सारखे बघायला लागले. शेवटी मोटरवेवरच्या एका सर्व्हिसेसला, चहापाण्याच्या थांब्यावर, त्यांनी गाडी थांबवली, चहा आणला आणि तुझा खांदा हलवला. "ऊठ गं, तिन्हीसांज झाली, चहा घे." चहा घेतलास, आणि मग घरापर्यंत टक्क जागी राहिलीस.

पुढच्या जानेवारीत तू गेलीस. पाळी संपवून गाडीने घरी येताना, रिंग रोडवर, उभ्या असलेल्या एका लॉरीवर आदळून. रस्त्यावर बर्फ होता, असं बाबांनी फोनवर नागपूरला सांगितलं, मग पुण्याच्या मावशीला, मग कारखान्यातल्यांना, मग शाळेतल्या माझ्या बाईंना. काळा बर्फ, जो दिसतच नाही. किती वेळा ऐकलं मी ते. हळूहळू त्यांच्या सांगण्यात तपशील भरत गेला, आदल्या रात्री पाऊस पडला होता, पहाटे गोठला, चाक घसरलं.  पण त्या सकाळी मी मासींच्या दारातल्या फरशीवर दोरीच्या उड्या मारत होते, आई. तुझी वाट बघत होते. हातमोजेसुद्धा घातले नव्हते. भुरभुर पाऊस होता, हवा उबदार होती आणि फरशी ओली होती, निसरडी नव्हती.

युनिव्हर्सिटीत जायला मी लेस्टर सोडलं तेव्हा मासींनी मला थेपल्यांचा डबा दिला आणि दारात उभ्या राहून त्यांच्या त्या हिंदीत सांगितलं. "बेटा, तू बड़ी हो गई, तेरे को मालूम होना चाहिए. बर्फ नहीं था." मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरसमोर त्या बाबांबरोबर गेल्या होत्या. तुझ्या मागून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने तिथे सांगितलं की गाडी काही घसरली वगैरे नाही, ती हळूहळू कडेला वळत गेली, जशी काही थांबायचीच होती, आणि ब्रेकचे दिवे लागलेच नाहीत. बाबा शेजारी बसून हे ऐकत होते. घरी आल्यावर त्यांनी मासींना चहा विचारला आणि म्हणाले, बर्फच होता. मासींनी मान डोलावली. यापलीकडे कोणी काय करणार होतं?

त्यांनी मला वाढवलं, हेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील एकच बाजू सांगते. वेण्या घालायला शिकले. पहिले काही महिने त्या इतक्या घट्ट घालायचे की माझ्या भुवया वर ताणल्या जायच्या. पहाटेची पाळी सोडली. पोळ्या जमल्या नाहीत, भात जमला. दुसरं लग्न कर म्हणून नागपूरहून पत्रं यायची ती वाचून बाजूला ठेवायचे. आणि हिवाळ्यात रोज, चार वाजता, देवापुढे दिवा ते स्वतः लावायचे आणि मी सोफ्यावर पेंगत असले तर मला हलवून उठवायचे. मला तेव्हा त्यांचा हात झटकून टाकावासा वाटायचा. झटकला नाही.

तर शुक्रवार. मी चारच्या सुमाराला बाबांना उठवलं, खुर्चीत बसवलं, देवापुढे दिवा लावला. माझं काम बरंच राहिलं होतं म्हणून त्यांची खुर्ची टेबलाशी ओढून घेतली आणि त्यांना चहा देऊन परत स्क्रीनसमोर बसले. एक सिंहीण होती. तिची पिल्लं लहान होती, तिला तशीही इतरांपेक्षा झोप कमी मिळते, दर थोड्या वेळाने कोणीतरी प्यायला येतं. ती कुशीवर पडली होती. एक पिल्लू तिची शेपूट चावत होतं, दुसरं तोंडावर चढून कान ओढत होतं. ती नुसती घशातल्या घशात गुरगुरली आणि तशीच पडून राहिली. शेजारी तिच्या बहिणी पडलेल्या. एकीने पंजा टाकून त्या कान ओढणाऱ्याला आपल्याकडे ओढून घेतलं.

"हिला उठवत नाही का कोणी?" बाबांनी विचारलं.

"कोण उठवणार? झोप झाली की आपण होऊन उठतात."

"मग शिकारीला कसे निघतात सगळे?"

"एक जांभई देते. तिचं बघून दुसरी देते. मग जरा वेळाने सगळ्याच देतात आणि उठून चालायला लागतात. बहुतेक अंधार पडल्यावरच."

"अंधार पडेपर्यंत झोपतात?"

"हो."

ते बराच वेळ बघत राहिले. कपातला चहा तसाच होता. मग स्क्रीनवरून नजर न काढता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मी कधी ऐकली नव्हती, आणि तूही ऐकली असशील असं वाटत नाही. त्यांचे वडील कापडाच्या मिलमध्ये होते. एकदा पाळीवरून आले ते ओसरीवरच आडवे झाले. माझी आजी म्हणाली, पडू द्या जरा, दमलेत. दिवा लावून झाला आणि तिने बाबांना सांगितलं, जा, उठव त्यांना. "मी हलवलं," बाबा म्हणाले. "मला वाटलं सोंग करतायत. कधी कधी करायचे. मी हसत हसत हलवत होतो गं. किती वेळ हलवलं." त्यांना धाप लागली म्हणून थांबले. "आजी जन्मभर म्हणत राहिली, तिन्हीसांजेचं झोपू दिलं म्हणून गेले. म्हणून मी हिला... मला भीती वाटायची. ती वर झोपलेली असायची आणि बाहेर अंधारायला लागायचं. मला खाली बसवायचं नाही."

मी त्यांच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली. मग त्यांनी विचारलं. "ती झोपली होती का गं? गाडीत?"

मला काय म्हणायचं होतं ते ठाऊक होतं. काही नाही बाबा, बर्फ होता, तुम्हीच तर सांगायचात. वाक्य तयार होतं, त्यांनीच घडवलेलं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. ते खरं ऐकायला विचारत नव्हते, आई, हे मला तेव्हाही कळत होतं. खरं त्यांनी कॉरोनरसमोर बसून ऐकलेलं होतं. त्यांना आता तो बर्फ दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून हवा होता. मरणाच्या दारातला माणूस आपल्या मुलीकडे एवढंच मागत होता, आणि ते द्यायला मला काहीही लागणार नव्हतं.

"झोपली होती," मी म्हटलं. "बर्फ नव्हता. तिची झोपच होत नव्हती, बाबा. तुम्ही उठवायचात."

"रोज?"

"हिवाळाभर. रोज."

"बरं," ते म्हणाले. स्क्रीनवर पिल्लं दमून आईच्या पोटाशी झोपली होती. थोड्या वेळाने म्हणाले, "चहा गार झाला. दुसरा टाकतेस?" मी टाकला. ते सगळा प्यायले. रडले नाहीत. मी बशी उचलताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, मला वाटतं मला बरं वाटावं म्हणून. त्याचाही मला राग आला.

तेव्हापासून ते झोपत नाहीत. दिवसा नाही आणि रात्रीही नाही. पलंगावर उताणे पडून छताकडे बघत असतात. जेवण झाल्यावर मला उठव असं आता सांगत नाहीत, कारण उठवायला झोपावं लागतं. केअररने परवा मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं, "काही झालंय का घरात? एखादी वाईट बातमी वगैरे? माणूस असा एकदम झोपायचा थांबत नाही." मी म्हटलं, कल्पना नाही. डॉक्टरबाईंनी गोळी दिली, तिने काही फरक पडला नाही. त्या म्हणाल्या, या अवस्थेत विश्रांती मिळाली नाही तर हृदय फार दिवस पुरणार नाही. मला ते कळतंय. मी काल त्यांच्याजवळ बसून म्हटलं सुद्धा, की बाबा, इतकी वर्षं झाली, कोणाला काय माहीत, असेलही बर्फ. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मंद हसले. लहान मुलाने खोटं सांगितल्यावर मोठी माणसं हसतात ना, तसे. दिलेलं उत्तर परत घेता येत नाही हे मला माहीत होतं, तरी करून बघितलं.

हे मी कामाच्याच फाइलमध्ये लिहितेय, त्या सिंहिणीच्या नोंदींच्या खाली. सोमवारी फाइल एडिटरकडे जाईल, त्याआधी मी एवढा भाग पुसून टाकीन. त्याला मराठी येत नाही, पण तरी.

मी विचार करत होते की मला पश्चात्ताप कधी होणार. वाट बघितली. बाबांचे ते उघडे डोळे मला बघवत नाहीत, ते खोटं नाही. पण तुला एक सांगायचंय, जे मी इथे दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही. तू गेल्यापासून मला धड झोप कधी लागलीच नव्हती. डोळा लागला की दचकून उठायचे. गोळ्या झाल्या, योग झाला, एक फार महागडी उशी झाली. शुक्रवारी बाबांना पलंगावर निजवून मी वर आले, अंग टाकलं, आणि जागी झाले ती सकाळी केअररने बेल वाजवली तेव्हा. शनिवारी तसंच. त्यानंतर रोज. खाली ते टक्क जागे आहेत हे मला माहीत असतं, आणि तरी मला झोप लागते, आई. गाढ लागते.